चोरीची वेळ चार ते साडेचार

आमच्या घरमालकांकडे चोरी करायची वेळ ठरलेली होती. दुपारी चार ते साडेचार. रविवारी सुट्टी.

मी काही रचून सांगत नाही. ते मला जमतही नाही. सहावीत असताना माझी शाळा सुटली आणि त्यानंतर वाचलं म्हणजे किराणाच्या पुड्यांचे कागद आणि माहेरची पत्रं. जे समोर घडलं तेवढंच मला लिहिता येतं. हे माझ्यासमोर घडलं, बंगळूरला, चामराजपेटेत. लग्न होऊन मी तिथे आले ते पन्नासचं दशक संपत आलं होतं, आणि त्या घरात आम्ही आठ-नऊ वर्षं काढली. कोरमंगला तेव्हा खेडं होतं आणि बनशंकरीच्या देवळाला जायचं तर शेतांतून जावं लागे.

घराच्या पुढच्या अंगणात, फाटकाला लागून, अनंत होता. सगळे झाड म्हणत, पण तसं ते झुडूपच. माणसाच्या डोक्यावर हातभर गेलेलं, पसरलेलं, बारा महिने हिरवंगार, पानं तेलाचा हात लावून पुसल्यासारखी. उन्हाळा सरता सरता फुलायला लागलं की पांढरी, दाट पाकळ्यांची फुलं, दुसऱ्या दिवशी लोण्याच्या रंगाची होणारी. वास चार घरं ओलांडून जाई. फुलं कुणीही मागावीत, मालक परडी भरून देत. पण फांदी मागितली की त्यांचा चेहरा बदले.

"फांदी देत नसतो," ते म्हणत. "स्वल्प विचार करा. मागून नेलेली फांदी जगते काय?"

आणि मग पुढचं वाक्य, जे नवख्या माणसाला कधी कळायचंच नाही. "चार वाजता मी पेपर वाचत असतो. माझी पाठ फाटकाकडे असते."

त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णा म्हणू लागले. साठी उलटलेली, बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांचं घराणं बंगळुरात कितीतरी पिढ्यांपासूनचं. मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलेलं की मी निपाणीकडची, दोन्ही भाषा ऐकत वाढलेली, तरी पहिले काही दिवस मला दोनदा विचारावं लागे. बाई कुठल्याही वयाची असो, ते तिला अक्का म्हणत. मी एकोणीस वर्षांची होते. पासष्टीचा माणूस मला मोठी बहीण म्हणतो याचं मला इतकं अवघडल्यासारखं होई की मी पदर सारखा करत राही.

तर चार वाजता काय होई ते सांगते. पावणेचारला अण्णा बाहेर येत. धोतर, वर काळा बंद गळ्याचा कोट, भर उन्हातही. अंगणाच्या भिंतीवर ते एक कात्री ठेवत आणि मोठ्याने म्हणत, "अरे, कात्री कुठे ठेवली मी?" मग वेताची खुर्ची ओढून फाटकाकडे पाठ करून बसत आणि पेपर उघडत. पेपर कन्नड. वाचन मराठी, मोठ्या आवाजात.

"फांदी आठ बोटं लांब घ्यावी," अण्णा वाचत. "अगदी कोवळी नको, जून लाकूडही नको. वाकवली तर वाकावी आणि थोडी कुरकुरावी, अशी. गाठीच्या जरा खाली तिरका काप. खालची पानं काढून टाकावीत. वरची दोनच ठेवावीत, तीही अर्धी कापून." इथे ते पान उलटत, जणू बातमी पुढच्या पानावर गेली आहे. "अर्धी वाळू, अर्धी पानांची कुजलेली माती. वर काचेची बरणी पालथी. सावली. आणि दोन महिने उपटून बघू नये."

पाठीमागे कचकन आवाज होई. अण्णांचा आवाज तेवढ्यापुरता वाढे. मग पावलं लांब जात, आणि अण्णा पेपरची घडी घालून आत जात. चोर कोण होता हे ते कधी वळून बघत नसत. पण त्यांना कळे. कारण चोर बिचारा दुसऱ्या दिवशी समोरून जाताना मान खाली घाले.

हे असं का, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. त्यांचे वडील कॅन्टोन्मेंटमध्ये कुणा इंग्रज साहेबाकडे लिखापढीचं काम करत. साहेबाच्या बागेत हा अनंत. मडमेने अण्णांच्या आईला हौसेने तीन फांद्या दिल्या, ओल्या फडक्यात बांधून, कशा लावायच्या ते समजावून. तिन्ही वाळल्या. पुन्हा मागायची आईला लाज वाटली. मग एका दुपारी मडम आत गेलेली पाहून तिने एक फांदी नखांनी खुडली, ओच्यात खोचली आणि चालत चामराजपेटेत आली. ती जगली. ती ही.

"मडमेने दिलेल्या तिन्ही फांद्यांना अण्णांच्या आईने दिवसातून चार वेळा पाणी घातलं असणार," आमचे हे म्हणाले. ते कारखान्यात लेथवर होते, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायची त्यांना सवय. "चोरलेलीला घाबरून घातलंच नसेल. म्हणून जगली."

हे मी अण्णांना सांगितलं नाही. सांगून काय उपयोग झाला असता?

अण्णांची नोकरी सरकारी कचेरीत नकाशे उतरवायची होती. मूळ नकाशावर एक पातळ, निळसर, मेणचट कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर काढायची. तीस वर्षं तेच. त्यामुळे कोटाच्या खिशात कायम सहा इंची पट्टी, आणि जगातली प्रत्येक गोष्ट किती लांब आहे याची काळजी. भाजीवालीच्या टोपलीतली शेवग्याची शेंग ते पट्टीने मोजत. मी पहिल्यांदा एकटी बाजारात निघाले तेव्हा फाटकापासून दोनदा परत फिरले. अण्णांनी मला थांबवलं आणि पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढून दिला. प्रत्येक वळण, प्रत्येक नळ. एका कोपऱ्यावर लिहिलं होतं, "इथे तांबडी गाय बसते. ती उठली असेल तर स्वल्प थांबावे, परत बसेल." मी थांबले. गाय परत बसली. तो कागद मी कितीतरी वर्षं पिठाच्या डब्याखाली जपून ठेवला होता.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर सगळ्या बंगळूरचा नकाशा होता, त्याच कापडावर काढलेला. त्यावर हिरव्या शाईचे ठिपके. चोरलेली फांदी जगली की अण्णा तिथे ठिपका देत. बसवनगुडीत सात, शंकरपुरात चार, मल्लेश्वरमला दोन, एक तर थेट बनशंकरीच्या देवळापाशी. जगली हे कळायचं कसं? अण्णा जाऊन पाहत. चोराच्या घरासमोर उभे राहून वेळ विचारत, किंवा कुणीच राहत नाही अशा माणसाचं नाव सांगून पत्ता विचारत, आणि तेवढ्यात कुंपणावरून नजर टाकून घेत. चालत जात, चालत येत. आल्यावर पाय पाण्यात सोडून हिरवी शाई उघडत. सगळ्यात मोठा ठिपका आमच्याच घरावर होता. आईने चोरलेल्याचा.

आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हाही त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. मागच्या दोन खोल्या दाखवल्या, धुण्याचा दगड आणि मागचं छोटं अंगण दाखवलं आणि म्हणाले, "हे अंगण तुमचं. मालकाने भाडेकरूच्या अंगणात पाऊल टाकू नये, असा माझा नियम आहे." आणि ते होते तोवर, एक दिवस सोडला तर, त्यांनी ते टाकलं नाही.

त्या एका दिवसाचंच मला सांगायचं आहे. पण त्याआधी माझं थोडं सांगायला हवं.

माझी शाळा कात्रीपायी सुटली. शिवणाचा तास होता. बाईंची छोटी परदेशी कात्री सापडेना. सगळ्यांची दप्तरं जमिनीवर उपडी केली. माझ्या दप्तरातून माझं शिवणाचं फडकं पडलं आणि फडक्याच्या घडीतून कात्री. मी फडकं गुंडाळताना ती आत राहिली होती. मला माहीतही नव्हतं. बाईंनी मारलंही नाही, काही नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती." वर्गातल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी घरी आले ती परत गेले नाही. वडिलांनी दोन दिवस समजावलं, मग म्हणाले, राहू दे. तेव्हापासून दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही. शेजारणीची वाटी परत द्यायला उशीर झाला तर मला जेवण जात नाही.

आणि मला घरमालक मिळाले ते हे असे.

वर्ष उलटलं. येणारा-जाणारा प्रत्येक जण फांदी चोरून गेला, मी एकटी राहिले. अण्णा सरळ काही म्हणत नसत. पण भिंतीवर कात्री ठेवताना माझ्या खिडकीकडे बघून "अरे, कात्री कुठे ठेवली मी?" हे जरा जास्तच मोठ्याने म्हणत. एकदा ह्यांना बोळात गाठून म्हणाले, "तुमच्या घरची अक्का फार सज्जन आहे. अवघड आहे तिचं."

"घे ना एक फांदी," हे मला म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटेल. ते काय खरी चोरी आहे?"

"कात्रीने कापून पळायचं म्हणजे खरीच की."

तरी एका दुपारी मी गेले. अण्णांची पाठ. पेपर. "वाकवली तर वाकावी आणि थोडी कुरकुरावी," ते वाचत होते. मी कात्री उचलली. कशीबशी एक फांदी कापली, पदराखाली घेतली, बोळातून मागे पळाले. पाण्याच्या पितळी पेल्यात ठेवली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सात वाजता पेला हातात घेऊन, वरून पंजा झाकून, मी अण्णांच्या दारात.

"अण्णा, एक सांगायचं होतं. काल मी तुमची फांदी चोरली."

अण्णांचा चेहरा आजही मला दिसतो. दाढीचा साबण एका गालावर तसाच. ते फांदीकडे बघत राहिले.

"सांगितलंस?" ते पहिल्यांदाच मला एकेरी बोलले. "अक्का, सांगितलंस तू? आता ती मागितल्यासारखी झाली. गेली ती."

"पण अण्णा, मला राहवलं नाही. मला पूर्वी एकदा..." आणि मग उभ्याउभ्या, पेला हातात धरून, मी त्यांना सगळं सांगितलं. शिवणाचा तास, फडकं, बाई काय म्हणाल्या ते. ह्यांनासुद्धा मी ते कधी सांगितलं नव्हतं. अण्णांनी दार लावून घेतलं. दोन दिवस बाहेर आले नाहीत, भिंतीवर कात्री ठेवली नाही, आणि गल्लीत सगळे विचारायला लागले, अण्णा आजारी आहेत काय? मला वाटलं, आता आपल्याला खोल्या सोडाव्या लागणार. बंगळुरात आमचं दुसरं कोण होतं? फांदी मी तरीही लावली. आठव्या दिवशी ती काळी पडली.

अण्णांनी दार लावल्याच्या तिसऱ्या दिवशी चार वाजता खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी खिडकीशीच होते. अण्णांनी पेपर उघडला. आज खुर्ची नेहमीपेक्षा आमच्या खिडकीच्या जवळ होती.

"चामराजपेट, आजची बातमी," अण्णांनी वाचायला सुरुवात केली. "येथे राहणाऱ्या एका अक्कांवर लहानपणी कात्री चोरल्याचा आळ आला होता. त्याची पुन्हा चौकशी झाली. कात्री कापडाच्या घडीत राहून गेली होती असे दिसून आले. अक्कांचा काही दोष नाही. शाळेच्या बाईंनी घाई केली." मग जरा थांबून, पान उलटून, "हे सगळ्यांना कळावे म्हणून छापले आहे."

मी खिडकीखाली बसले. चुलीवर आमटी उतू गेली त्याचा वास आला तेव्हा उठले.

त्यानंतर अण्णा फिरायला निघाले की घराची किल्ली माझ्याकडे देत. कपाटं उघडीच असत. त्यांनी त्याचा काही गाजावाजा केला नाही. बाजारात जाताना पूर्वी मी भिंतीच्या कडेकडेने चालत असे. आता मधून चालायला लागले.

एक गोष्ट मात्र मला दिसू लागली, आता पुढच्या खोलीत येणं-जाणं होतं म्हणून. अण्णांच्या खिडकीत कायम एक कुंडी असे आणि तीत अनंताची एक वाळत चाललेली फांदी. स्वतःच्या झाडाची फांदी ते स्वतः लावत, आणि एकही जगत नसे. "आपल्याच झाडाची चोरी आपल्याला करता येत नाही, अक्का," ते म्हणत. खरं कारण मला रोज दिसे. जगाला दोन महिने उपटून बघू नका म्हणणारा माणूस आपली फांदी दर दोन दिवसांनी उपटून, मुळं फुटली का ते पट्टीने मोजून बघे.

"बघितलं नाही तर कळणार कसं?" ते मला म्हणाले.

आणि मग पुतण्या आला.

भांडण नव्हतं काही. पुढचं अंगण अण्णांच्या धाकट्या भावाच्या वाटणीचं होतं हे आधीपासून ठरलेलं. भाऊ गेला, पुतण्याला तिथे दोन दुकानं काढायची होती. चांगला मुलगा. अण्णांच्या पाया पडला, म्हणाला, "काका, दसऱ्यानंतर काम सुरू करू या का?" अण्णा म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. घर मागे तसंच राहणार होतं, येण्याजाण्याला बोळ ठेवणार होते. फक्त फाटकापासचं सगळं जाणार होतं.

"झाड उचलून दुसरीकडे लावता येणार नाही का?" मी विचारलं.

"साठ वर्षांचं झाड, अक्का. मुळं या घराखाली गेली असतील. उचललं तर मी जिवंत असेतो ते मरत राहील. त्यापेक्षा एका दिवसात जाऊ दे."

"मग तुमच्याकडे अनंत राहणार नाही."

"एवढे ठिपके आहेत की," ते नकाशाकडे बघून म्हणाले. पण त्या ठिपक्यांतला एकही त्यांचा नव्हता, आणि मागायला ते कुणाच्या दारात जाणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तो जून महिना होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी गेले. अण्णा वाचत होते, पण आवाजात जीव नव्हता, "आठ बोटं लांब, आठ बोटं" एवढंच पुन्हा पुन्हा. मी कात्री उचलली. फांदी वाकवली, ती वाकली आणि कुरकुरली. गाठीखाली तिरका काप दिला. यावेळी पळाले नाही, चालत गेले.

आणि सांगितलं नाही. अण्णांना नाही, ह्यांनाही नाही. धुण्याच्या दगडामागे सावलीत वाळू आणि माती कालवली, लोणच्याची रिकामी बरणी पालथी घातली. दोन महिने रोज त्या बरणीसमोरून पाणी घेऊन जाताना माझं मन मला म्हणायचं, बघ की जरा, एकदाच. मी नाही बघितलं. माझ्यासारख्या जिवाला ते किती जड गेलं ते मलाच माहीत. ऑगस्टच्या शेवटी बरणीत नवं पान दिसलं, पोपटी, नखाएवढं.

दसऱ्यानंतर पुढचं झाड गेलं. अण्णा त्या दिवशी सकाळीच फिरायला निघाले आणि संध्याकाळी परतले. आल्यावर पाय न धुताच नकाशासमोर गेले. कोटाच्या खिशातून ब्लेड काढलं आणि आमच्या घरावरचा मोठा ठिपका खरवडायला लागले. नकाशावरची चूक अशीच काढतात. शाई आत मुरलेली होती. कापड फाटायला आलं तेव्हा थांबले.

मग ते चोर व्हायला निघाले. हे हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसलोही. कोटाच्या खिशात कात्री घालून ते बसवनगुडीला गेले, आपल्याच अनंताचं पोर चोरायला. परत आले रिकाम्या हाताने.

"कुत्रं होतं," म्हणाले.

पुढच्या वेळी, "बाई बाहेर आल्या. पानं पिवळी पडत होती, त्यांना ताक घालायला सांगितलं. मग कशी चोरणार?"

त्याच्या पुढच्या वेळी, "घरात कुणीच नव्हतं."

"मग तर बरंच की अण्णा."

"कुणीच नाही तर चोरी कसली? पाठ करून बसायला माणूस नको?"

चार वेळा गेले. पाचव्या वेळी कात्री खिशातून काढून जागेवर ठेवली.

माझ्याकडे अनंत होता. पण देऊ कसा? दिला की मेला. मी गप्प राहिले. हिवाळा गेला, उन्हाळा आला, झाड माझ्या कमरेला लागलं आणि त्याला कळ्या आल्या. आता पंचाईत. फुललं तर वास लपणार नाही, आणि अजून त्याला कापण्याजोग्या फांद्या जेमतेम दोन. रोज पहाटे मी कळ्या खुडून टाकायची. देवाची क्षमा मागत खुडायची. तरी एक कळी पानाआड राहून गेली.

संध्याकाळी मी दिवा लावत होते. बोळात चपलांचा आवाज झाला आणि थांबला. खिडकीतून बघितलं तर अण्णा, आमच्या अंगणाच्या हद्दीच्या बरोबर अलीकडे, मान वर करून उभे. डोळे मिटलेले. पाऊल पुढे टाकलं नाही. नियम होता ना. बऱ्याच वेळाने ते वळले आणि गेले.

मी ह्यांना हाक मारली. ते शेजारीच बसले होते, तरी मोठ्याने मारली. "ऐकलंत का? उद्या चार वाजता मी मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसणार आहे. साडेचारपर्यंत. बोळाकडे माझी पाठ असेल."

"मग मी काय करू?" हे म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"तुम्ही कारखान्यात जा."

दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन बसले. कात्री धुण्याच्या दगडावर ठेवली होती. चार वाजले. काही नाही. सव्वाचार. मग बोळात चपला काढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी. अनवाणी पावलं अंगणात आली. थांबली. कोटाचे खिसे चाचपल्याचा आवाज. हा खिसा, तो खिसा. माझ्या लक्षात आलं, अण्णा कात्री विसरले. दगडावरची त्यांना दिसली नव्हती, त्यांच्या डोळ्यांना आताशा कमी दिसे. आता परत जातील, आणि मग पुन्हा येणार नाहीत.

माझ्याजवळ पेपर नव्हता. कंबरेला खोचलेलं माहेरचं पत्र होतं, आईच्या तब्येतीचं. ते मी उघडलं, समोर धरलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

"कात्री धुण्याच्या दगडावर आहे," मी वाचलं. "डाव्या हाताला. फांदी आठ बोटं लांब घ्यावी. वाकवली तर वाकावी आणि थोडी कुरकुरावी." पत्राचं पान उलटलं. "पाणी एकदाच घालावं. आणि दोन महिने उपटून बघू नये. हे विशेष करून लिहिलं आहे. पट्टीनेही मोजू नये."

पाठीमागे कुणीतरी घसा खाकरला. मग बराच वेळ गेला. मी सुपातले तेच तांदूळ पुन्हा पुन्हा फिरवत होते. मग कचकन आवाज झाला, आणि माझा आवाज आपोआप वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अण्णा माझ्या दारात. कोटाची सगळी बटणं लावलेली, डोळे लाल. हातात पितळी पेला, आणि पेल्यावर पंजा झाकलेला.

"अक्का," ते म्हणाले, "एक सांगायचं होतं."

"नका सांगू अण्णा."

"पण काल मी..."

"काल मी तांदूळ निवडत होते. मला काही माहीत नाही."

ते उभे राहिले. पेल्यातलं पाणी हलत होतं.

"झोप लागली नाही," ते म्हणाले.

"पहिल्यांदा नाही लागत."

"मग नंतर?"

"नंतर लागते."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि पेला तसाच झाकून बोळातून परत गेले.

गौरी-गणपतीच्या सुमारास मी पुढची खोली झाडायला गेले होते. नकाशावर, ब्लेडने खरवडून कापड विरळ झालं होतं त्याच जागी, हिरवा ठिपका होता. शाई अजून ओली होती. अण्णा खुर्चीत बसले होते. मी नकाशाकडे बघितलं हे त्यांनी बघितलं. मी केरसुणी उचलली आणि पुढचा कोपरा झाडायला लागले.

त्यानंतर अण्णा पाच वर्षं होते. आता बोळात त्यांची अनंताची कुंडी होती, तिला ते रोज सकाळी पाणी घालत, एकदाच, आणि मी समोरून जात असे. ते झाड त्यांनी कुठून आणलं हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.